म्हसखिंडीची दुसरी वाट

चोपड्यात चांदभाऊला न ओळखणारा माणूस मिळणं कठीण, आणि त्याच्या चुकलेल्या रस्त्यांचा एखादा तरी किस्सा न ऐकलेला माणूस मिळणं त्याहून कठीण. मशिदीच्या पुढच्या दाराने आत गेला आणि नमाजानंतर गर्दीच्या रेट्यात मागच्या दाराने बाहेर पडला, की तो हमखास घराच्या उलट्या अंगाला चालू लागे. एकदा जळगावला आतेभावाच्या मुलीच्या लग्नाला म्हणून गेला आणि भलत्याच मांडवात जेवून परत आला. घरी आल्यावर म्हणाला, बिर्याणी चांगली होती, पण आपलं माणूस एकही भेटलं नाही.

त्याची बायको जमीला पाहुण्यांसमोर सांगायची, "इनको सब दिया अल्लाने, बस दाहिना-बायाँ देना भूल गया." चांदभाऊ यावर हसायचा. खोटं काय होतं त्यात? डावा हात कुठला, हे ठरवायला त्याला आधी घास कुठल्या हाताने खातो ते मनात आणावं लागे, आणि तेवढ्यात रिक्षा पुढे निघून गेलेली असे.

असा हा माणूस बोकडांचा व्यापारी. बापाचाच धंदा. सातपुड्यातल्या पाड्यांवरून बोकड विकत घ्यायचे, पायी खाली आणायचे आणि चोपड्याच्या बाजारात विकायचे. डोंगरात फिरायचा धंदा आणि दिशेचा हा असा आनंद, मग जमत कसं होतं? तर चांदभाऊची वाट एकच होती. तोरणखेड्यापासून चढायचं, म्हसखिंड ओलांडायची आणि पलीकडे सालईपाड्यावर उतरायचं. कोवळ्या वयात बापामागे चालला तेव्हापासून तीच. बाप सांगून गेला होता, अंजनाच्या झाडाशी वळायचं, दुभंगलेल्या खडकाच्या पोटातून जायचं, झिऱ्यावर पाणी प्यायचं. या खुणा त्याला पाठ होत्या. त्या वाटेवरून तो कधी हातभरही बाजूला गेला नाही. आजूबाजूचा डोंगर कसा आहे हे कोणी विचारलं असतं, तर त्याला सांगता आलं नसतं.

त्या वर्षी बकरी ईद पंधरवड्यावर आलेली. चांदभाऊ नेहमीसारखा सालईपाड्यावर गेला आणि दगडीबाईच्या ओट्यावर मुक्कामाला राहिला. दगडीबाई साठी ओलांडलेली, हाडापेराने काटक. तिचा मुलगा अभिमन खाली तोरणखेड्यात सासरी गेला होता, कारण त्याची बायको सुनिता तिथे बाळंतपणाला गेलेली. अजून दिवस भरायचे होते, म्हणून कोणाला घाई नव्हती.

मुक्कामाला असतानाच अवकाळी वादळ झालं. पाड्यावरच्या दोन घरांची कौलं उडाली, मोहाचं एक जुनं झाड आडवं झालं. सकाळी शेजारचा रोहिदास वरच्या टेकाडावर फोनला रेंज शोधायला गेला, तो पळतच खाली आला. सुनिताला वेळेआधीच कळा सुरू झाल्या होत्या, अभिमनने तिला चोपड्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं होतं, आणि पहाटे मुलगी झाली होती.

दगडीबाईने चुलीवरची भाकर उतरवली, लुगड्याचा काष्टा आवळला आणि म्हणाली, "चांदभाऊ, मी बी येसू तुना संगे. पोर ल्हानी शे म्हने, काचनी पेटीमा ठेवेल शे. सून घाबरेल व्हई. तिले मी लागसू."

जीपचा रस्ता होता, पण तो मध्य प्रदेशाच्या अंगाने लांबून फिरून जाई, आणि वादळाने त्यावर झाडं पडली होती. खिंडच जवळची. चांदभाऊने बोकड मोकळे केले, दाव्यांची गुंडाळी खांद्यावर टाकली, चादर काखेत मारली आणि दोघं निघाली.

खिंडीच्या माथ्यावर पोचेपर्यंत सगळं ठीक होतं. माथ्यावर चांदभाऊ थांबला आणि अंजनाचं झाड शोधू लागला. झाड नव्हतं. त्याला वाटलं, आपण नेहमीप्रमाणे कुठेतरी चुकलो. तो मागे फिरला, थोडं चालला, पुन्हा पुढे आला. मग दगडीबाईने त्याची बाही ओढली आणि खाली बोट दाखवलं. अंजन तिथे होतं, पण खूप खाली, मुळं आभाळाकडे करून. रात्रीच्या पावसाने खिंडीची खालची अख्खी कूस सुटून गेली होती. तांबडी ओली माती, तिच्यात अडकलेले बैलाएवढाले धोंडे, आणि वाट म्हणून काहीही नाही. दोघं बघत असतानाच एक धोंडा आपसूक सुटला आणि गडगडत नाल्यात गेला. कितीतरी वेळ त्याचा आवाज येत राहिला.

"बठ्ठं गये," दगडीबाई म्हणाली.

चांदभाऊच्या डोक्यात एकदम पोकळी झाली. तिथे उभं राहून त्याला चोपडा कुठल्या बाजूला आहे हेही सांगता येईना. खाली धुरकट सपाटी दिसत होती, पण ती तर तिन्ही बाजूंना दिसत होती. दानिशने, त्याच्या मुलाने, फोनमध्ये नकाशा घालून दिला होता. त्याने तो उघडला. हिरव्यागार पडद्यावर एक निळा ठिपका, आणि भोवती एकही रेघ नाही. त्याने फोन फिरवला तर नकाशाही फिरला. तो स्वतः फिरला तरी फिरला. त्याने फोन खिशात टाकला.

"घाबरू नको," दगडीबाई म्हणाली. "मना बाप माले दुसऱ्या वाटथीन लई जाये. आठेच बाजूले शे. माले याद शे."

तिच्या आवाजात इतका भरवसा होता की चांदभाऊचा जीव भांड्यात पडला. कड्याच्या काठाकाठाने ती पुढे आणि बोकडांसह तो मागे, अशी दोघं निघाली. फक्त निघताना त्याने एक केलं. तीन दगड एकावर एक रचले. गावातल्या गल्लीत चुकणारा माणूस तो, पुन्हा इथेच यावं लागलं तर जागा ओळखू यावी, एवढाच त्यात विचार.

काही अंतरावर एक घळ लागली. "हाईच ती," म्हणून दगडीबाई उतरू लागली. घळीत सावली होती, पायाखाली वाळू होती, उतारही सोसवेल असा. चांदभाऊला हायसं वाटलं. पण वळण घेतल्यावर जमीनच संपली. समोर पावसाळ्यात धबधबा कोसळत असेल असा काळा गुळगुळीत कडा, आणि खाली वाळलेल्या झाडांचे शेंडे. दोघं घामाने निथळत परत वर आली.

"नही, हाई नही. पुढली व्हई," दगडीबाई म्हणाली. या वेळी आवाज जरा बारीक होता.

पुढची घळ आधीच्या घळीसारखीच दिसत होती. तिच्या पुढचीही. चांदभाऊला शंका आली की आपण एकाच घळीभोवती फिरतो आहोत. प्रत्येक वळणावर तो दगड रचत होता, आणि प्रत्येक वेळी मागे वळून बघत होता, कारण मागून डोंगर निराळाच दिसे. जिथून आलो ती जागा आपण कधी पाहिलीच नाही असं वाटे. ऊन चढत चाललं. दगडीबाईच्या बाटलीतलं पाणी अर्ध्यावर आलं.

मग बोकडांनीच वाट काढली, असं चांदभाऊला वाटलं. कळपातला कबऱ्या नावाचा दांडगा बोकड एका अरुंद कंगोऱ्यावर चढला आणि कड्याच्या पोटाला धरून टकाटक पुढे गेला. बाकीचे त्याच्या मागे. चांदभाऊचा चेहरा उजळला. मुक्या जनावराला कळतं, तेवढं माणसाला कुठं कळतं, असं म्हणत तोही कंगोऱ्यावर चढला. आधी दोन पाय मावत होते, मग एकच मावू लागला. एका हाताला खडक, दुसऱ्या हाताला काहीच नाही. आणि पुढे पाहतो तर कबऱ्या थांबलेला. खडकाच्या फटीत उगवलेल्या झुडपाचा पाला तो निवांत ओरबाडत होता. पलीकडे कंगोरा नव्हताच. बोकड पाल्यासाठी आला होता. चोपड्याला जायचंय हे त्याला कोणी सांगितलं होतं?

चांदभाऊला तिथे पुढेही जाता येईना आणि मागेही.

"मांगे सरक!" दगडीबाई ओरडली. "डावा पाय!"

त्याने पाय हलवला. तो उजवा होता. टाचेखालचा खडा सुटला आणि खाली गेला.

"डावा रे, डावा!"

"डावा कोनता, अक्का?" तो रडकुंडीला येऊन ओरडला. घास कुठल्या हाताने खातो हे आठवायची ती जागा नव्हती.

दगडीबाईने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या एका चपलेचा अंगठा तुटलेला होता, सुतळीने बांधलेला. "फाटेल चप्पल!" ती म्हणाली. "फाटेल चप्पलना पाय मांगे ले. हां. आते चांगला. आते फाटेल."

तसा तो इंच इंच मागे आला आणि मोकळ्या जागी येऊन मटकन बसला. बोकडांना हाका मारून, पाला दाखवून मागे आणायला बराच वेळ गेला. कबऱ्या सगळ्यांत शेवटी आला, तोंडात डहाळी घेऊन.

दगडीबाई एका धोंड्याच्या सावलीला बसून बोटांनी मातीत रेघा ओढत राहिली. चांदभाऊने विचारलं, "अक्का, तुना बापनी वाट कोनती व्हती? नीट याद कर."

"काय याद करू?" ती एकदम म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मी बापना खांदावर बसेल ऱ्हाऊ. वाट मी कधी दखीच नही. त्याना केस दिखेत, आनि वर आभाय."

चांदभाऊला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. उलट बरं वाटलं. निदान आता दोघंही सारखीच चुकलेली होती. तो म्हणाला, "अक्का, परत जाऊत पाड्यावर. रस्ता मोकळा व्हई, मंग जीपमा जाऊत."

"तू जाय," ती म्हणाली. "मी नही येस. ती पोर पेटीमा पडेल शे, आनि मी पाड्यावर बसू?"

तिला एकटीला सोडून जाणं शक्य नव्हतं. चांदभाऊ उठला आणि कुठवर आलो ते बघायला आलेल्या वाटेकडे वळला, तर ती वाटही त्याला ओळखू येईना. मग त्याला दूर एक रचलेला दगडांचा ढीग दिसला. त्याच्या पलीकडे दुसरा. ते त्याचेच होते. डोंगर कसाही फिरो, त्या ढिगांवरून मागे जाता येत होतं. हे कळल्यावर त्याला जरा धीर आला. मागे जाता येत असेल, तर थोडं पुढे जाऊन बघायला हरकत नाही.

"अक्का, तू आठे बस बोकड लईसन," तो म्हणाला. "मी पुढे जाईसन दखस. तुनं लाल लुगडं दिखस तठलोंगच जासू."

मग त्यांनी तसंच चालवलं. तो पुढे जायचा, लुगडं दिसेनासं होण्याआधी थांबायचा, दगड रचायचा. पुढची जागा बरी असेल तर हाक मारायचा, नसेल तर परत यायचा. घळींत त्याने पाय घातला नाही. घळीत पुढचं दिसत नाही, एवढं त्याला दिवसभरात कळलं होतं. दोन घळींच्या मधून डोंगराची एक सोंड खाली उतरत होती, सालईची विरळ झाडं असलेली. सोंडेवर ऊन होतं, पण दोन्हीकडचं दिसत होतं. मनाशी त्याने एक गोष्ट पक्की केली होती. जिथून परत वर चढता येणार नाही, तिथून खाली उतरायचं नाही. हा त्याचा डोंगराचा अभ्यास नव्हता. घाबरलेल्या माणसाचा हिशेब होता तो.

कितीदा तरी त्याला वाटलं, आपण चोपड्याकडे नाही, उलट सालईपाड्याकडेच उतरतो आहोत. सूर्य कुठे होता आणि कुठे गेला, याचा मेळ लागेना. दगडीबाईला विचारलं तर ती म्हणे, "हाईच शे मना बापनी वाट," आणि चार पावलांवर म्हणे, "नही रे, हाई नही व्हनार." शेवटी त्याने विचारणं सोडलं.

सोंडेच्या शेवटी खडकाचा पट्टा आडवा आला. दोन पुरुष उंचीचा असेल. खाली रुंद, मातीचा, झाडांचा उतार सरळ नाल्यात गेलेला. एवढा एकच खडक उतरायचा होता, पण तो उतरायचा कुठून? चांदभाऊ पट्ट्याच्या काठाने या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, परत आला. मग दगडीबाईला एका ठिकाणी तिरपी चीर दिसली. तिच्यात उंबराची मुळं घट्ट बसली होती. तिने मूळ ओढून पाहिलं, त्यावर लोंबकळून पाहिलं. मग तोंड खडकाकडे करून सरसर खाली गेली, उतारावर उभी राहून पुन्हा अर्ध्यापर्यंत वर चढून आली. "चढता येस," ती म्हणाली. "ये."

आधी बोकड. चांदभाऊने दाव्याला दावं गाठ मारून लांब केलं, चादरीची झोळी करून एकेक बोकड तिच्यात बांधला आणि हळूहळू खाली सोडला. खाली दगडीबाई प्रत्येकाला मांडीवर झेलायची आणि शिव्या घालत मोकळं करायची. कबऱ्याने झोळीतून एक शिंग असं मारलं की तिचं कोपर सुजलं. मग चांदभाऊची पाळी आली. तो मुळाला मिठी मारून लटकला आणि डोळे मिटले.

"फाटेल खाले दे. अजून. आते चांगला. नही, थांब... फाटेल, फाटेल!"

तिने खालून त्याची टाच धरली आणि एकेक करून खाचेत बसवली. जमिनीला पाय लागले तरी त्याने मूळ सोडलं नव्हतं. बोटं तिने सोडवली.

नाल्यातून चालताना त्यांना एक डबकं मिळालं. माणसं आणि बोकड एकत्रच प्यायले. मग झाडी विरळ झाली आणि समोर केळीची बाग आली. बाग म्हणजे काय, सगळी केळी वादळाने जमिनीवर झोपवलेली, घड मातीत. एक शेतकरी काठावर बसून त्या आडव्या बागेकडे बघत होता. डोंगरातून बोकडांमागे ही दोघं येताना पाहून तो उठला.

"भाऊ, हे कोणतं गाव?" चांदभाऊने विचारलं.

"तोरणखेडं."

"शक्य नाही," चांदभाऊ म्हणाला. "तोरणखेडं त्या अंगाला आहे."

"माझा जन्म इथला," शेतकरी शांतपणे म्हणाला. "तुम्ही मागच्या बाजूने आलात. तिकडून कुणी येत नाही."

त्याचं नाव ललित. आपली बाग तशीच टाकून त्याने दोघांना घरी नेलं, ताक पाजलं, बोकड स्वतःच्या गोठ्यात बांधून घेतले आणि दोघांना मोटारसायकलवर मागे बसवून चोपड्याला सोडलं. दवाखान्यात दगडीबाई सरळ आत गेली. चांदभाऊ मात्र तिच्या मागून निघाला तो हाडांच्या विभागात पोचला, आणि एका नर्सने हाताला धरून आणल्यावरच त्याला ती पोर दिसली. काचेच्या पेटीत, मुठी आवळून, वीतभर जीव. सुनिता खाटेवरून सासूकडे नुसती बघत होती. दगडीबाईने तिच्या केसांवरून हात फिरवला, तर सुनिताच्या कपाळाला माती लागली. दोघी हसल्या आणि मग रडल्या. चांदभाऊला कुठे बघावं कळेना, म्हणून तो पेटीकडे बघत राहिला.

घरी जमीलाने विचारलं, "कौनसे रास्ते से आए जी?" त्याने सांगायचा प्रयत्न केला. हाताने सोंड दाखवली, खडक दाखवला, मग हात उलटा करून पुन्हा दाखवला. दानिश म्हणाला, "अब्बा, असं तर तुम्ही आकाशात गेलात." चांदभाऊ स्वतःच्या हाताकडे बघत बसला.

जुनी वाट काही परत झाली नाही. पावसाळ्यात आणखी कूस सुटली. दिवाळीच्या आसपास अभिमन, रोहिदास, दगडीबाई आणि पाड्यावरचे आणखी काहीजण जीपच्या रस्त्याने, चुन्याची पिशवी घेऊन चांदभाऊला बोलवायला आले. खालून चढताना त्याला काहीच ओळखू आलं नाही. आपण उतरलो तो डोंगर हाच, हे त्याने शपथेवर सांगितलं नसतं. दगडीबाईने उंबराची चीर शोधली, आणि तिथून वर दगडांचे ढीग लागत गेले. अभिमनने प्रत्येकाला चुना लावला. चिरेत पाय ठेवायला खाचा खणल्या, दोर बांधला.

वर जाताना एके ठिकाणी चांदभाऊ थांबला. इथले दगड त्याच्या तीनच्या ढिगासारखे नव्हते. मोठे होते, शेवाळलेले, एकमेकांत घट्ट बसलेले, कधीकाळी कोणीतरी रचलेले. "हे मी नाही केलं," तो म्हणाला. दगडीबाई वाकून ते बघत राहिली. "बापनं व्हई?" तिने विचारलं. मग स्वतःच म्हणाली, "कोन जाने. कोनाबी व्हई." अभिमनने त्यांनाही चुना लावला आणि सगळे पुढे गेले.

आता पाड्यावरच्या बाया चारोळी आणि डिंक घेऊन त्याच वाटेने खाली येतात. दगडीबाईची नात चालायला लागली आहे. चांदभाऊ अजून महिन्यातून एकदा तरी वर जातो. सोंड जिथे दुभंगते तिथे त्याला दर वेळी वाटतं की चुन्याची खूण कोणीतरी भलत्याच दगडावर केली आहे. मग तो सालईच्या सावलीला बसतो, बिडी पेटवतो, आणि पाड्यावरून कोणीतरी उतरताना दिसेपर्यंत वाट बघतो. कोणी आलं की उठून विचारतो, "कोठेथून उना, भाऊ?" आणि तो माणूस जिकडून आला तिकडे चालू लागतो.